शून्य साखरेची बाटली आणि नफ्सचा हिशेब

रमजान महिन्यातील एका संध्याकाळी, इफ्तार आणि मगरिबची नमाज आटोपून मशिदीच्या ओसरीवर काही मंडळी बसली होती. त्यांपैकी एका गृहस्थांनी एक प्रश्न विचारला. त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि काही वर्षांपासून त्यांना मधुमेहाचा विकार आहे. डॉक्टरांनी साखर वर्ज्य केल्यापासून ते चहात गोडव्याची गोळी टाकतात आणि दस्तरखानावर सरबताऐवजी ‘झीरो’ असे लिहिलेली शीतपेयाची बाटली ठेवतात. त्यांची मुलगी म्हणते, “अब्बा, हे विष आहे, याने कॅन्सर होतो.” मुलगा म्हणतो, “यात साखरच नाही, तुम्ही हवे तितके प्या.” त्यातच मोबाईलवर एक संदेश आला की, या पेयापासून पोटात दारू तयार होते, म्हणून ते हरामच आहे. त्या गृहस्थांचा प्रश्न साधा होता : हे पेय पिणे जायज आहे की नाही?

मी त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि विषय संपला. परंतु घरी परतताना जाणवले की, ते उत्तर अपुरे होते. हा प्रश्न केवळ एका बाटलीचा नाही. खाण्यापिण्याच्या बाबतीत आपण अल्लाहपुढे कशासाठी जबाबदार आहोत, हा त्याचा गाभा आहे. आज भारतात हा प्रश्न घरोघरी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणून या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करणे आवश्यक वाटते.

हराम ठरविण्याची घाई नको

प्रथम त्या मोबाईल संदेशाविषयी. इस्लामी धर्मशास्त्राचा एक सर्वमान्य नियम आहे की, खाण्यापिण्याच्या वस्तू मुळात हलाल असतात. हराम ठरविण्यासाठी पुरावा लागतो. सूरह अन्‌-नहलच्या ११६ व्या आयतीत मनुष्याला ताकीद देण्यात आली आहे की, त्याने स्वतःच्या जिभेने अमुक हलाल आणि अमुक हराम असे ठरवून अल्लाहच्या नावावर असत्य रचू नये. हरामला हलाल म्हणणे जसा अपराध आहे, तसाच हलालला हराम म्हणणे हादेखील अपराध आहे. दुसऱ्या अपराधाकडे आपले लक्ष कमी जाते, कारण तो धार्मिकतेच्या वेषात येतो.

आता वस्तुस्थिती पाहू. या पेयांत बहुधा ॲस्पार्टेम नावाचा पदार्थ असतो. पचनाच्या वेळी त्याचे विघटन होऊन दोन ॲमिनो आम्ले आणि अत्यल्प प्रमाणात मिथेनॉल तयार होते. रसायनशास्त्रात मिथेनॉलची गणना अल्कोहोलच्या कुळात होते, एवढ्यावरूनच ती अफवा उठली असावी. परंतु शरीअतने ‘खम्र’ म्हणजे नशा आणणारी वस्तू हराम केली आहे. रसायनशास्त्रातील कुळाच्या नावावर शरीअतचा हुकूम ठरत नाही. मिथेनॉल तर फळांतून आणि भाज्यांतूनही आपल्या पोटात जाते. पेलाभर टोमॅटोच्या रसातून ते या पेयापेक्षा अधिक मिळते, आणि टोमॅटोला आजवर कोणी हराम म्हटलेले नाही. तेव्हा केवळ या कारणावरून या पेयाला हराम म्हणता येणार नाही.

ही वस्तू आहे तरी काय?

कृत्रिम गोडवा ही फार नवी गोष्ट नाही. १८७९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करणाऱ्या कॉन्स्टंटिन फाल्बर्ग या संशोधकाला जेवताना आपले हात गोड लागल्याचे जाणवले. त्यातून सॅकरीनचा शोध लागला. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर हे पोटातील अल्सरवरील औषधाचे संशोधन करीत असताना अशाच योगायोगाने ॲस्पार्टेम सापडले. ते साखरेच्या सुमारे २०० पट गोड आहे. सुक्रालोज नावाचा पदार्थ तर सुमारे ६०० पट गोड आहे. म्हणूनच एका डब्यासाठी तो अगदी थोडा पुरतो. साखर घातलेल्या कोला पेयाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. या पेयात ती नसते आणि उष्मांकही जवळजवळ नसतात.

थोडक्यात, जिभेला गोडवा मिळतो, परंतु गोडव्याबरोबर शरीराला जे अन्न मिळावयास हवे ते मिळत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढील नैतिक विचारात तो पुन्हा येणार आहे.

वैद्यकशास्त्र काय सांगते?

मुलीचे ‘विष’ आणि मुलाचे ‘हवे तितके’ या दोन्ही मतांना वैद्यकशास्त्राचा पूर्ण आधार नाही.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमचा समावेश ‘कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेल्या’ पदार्थांच्या गटात केला. वर्तमानपत्रांत याचे मोठे मथळे झाले. परंतु त्याच दिवशी अन्नातील मिश्रकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने आपली जुनी मर्यादा कायम ठेवली : शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम धरले, तर ७० किलो वजनाच्या प्रौढाला ही मर्यादा ओलांडण्यासाठी दिवसाला ९ ते १४ हून अधिक डबे प्यावे लागतील. पहिल्या संस्थेची वर्गवारी पुरावा किती भक्कम आहे हे सांगते. धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. या बाबतीतील पुरावा ‘मर्यादित’ असल्याचे त्या संस्थेनेच म्हटले आहे.

सॅकरीनचा इतिहासही येथे बोध देणारा आहे. उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्यामुळे १९७७ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव आला. पुढे असे दिसून आले की, त्या गाठी ज्या क्रियेतून होतात ती उंदरांच्या शरीराची विशेषता आहे, आणि २००० साली सॅकरीनचे नाव तेथील कर्करोगकारक पदार्थांच्या यादीतून काढण्यात आले. तेव्हा अपुऱ्या ज्ञानावर ‘विष’ असा शब्द उच्चारणे योग्य नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केली की, वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून अशा गोडव्यांचा वापर करू नये. उपलब्ध अभ्यासांवरून दीर्घकाळात चरबी कमी होण्याचा लाभ दिसत नाही, उलट अनेक वर्षे चाललेल्या निरीक्षणांत असे पदार्थ घेणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात, असे तिचे म्हणणे आहे. अर्थात, ज्यांचे वजन आधीच वाढलेले असते तेच लोक अशा पेयांकडे वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सांगणे अवघड आहे. म्हणून ही शिफारस ‘सशर्त’ ठेवण्यात आली आहे. तसेच ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही.

इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १२० निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगात दोन आठवडे सॅकरीन किंवा सुक्रालोज घेणाऱ्यांच्या रक्तातील साखरेच्या प्रतिसादात बदल आढळला. आतड्यांतील सूक्ष्म जीवांवरही परिणाम दिसला, आणि हा परिणाम व्यक्तीव्यक्तीत वेगळा होता. याउलट नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांवर दीड वर्ष झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रोज एक साखरयुक्त पेय पिणाऱ्या मुलांपेक्षा साखरविरहित पेय पिणाऱ्या मुलांचे वजन सरासरी एका किलोने कमी वाढले. दातांच्या बाबतीत मात्र फारसा वाद नाही : साखर नसली तरी या पेयांतील आम्ल दातांचे कवच झिजवते.

सारांश असा की, साखर घातलेल्या पेयाशी तुलना केली तर हे पेय बहुधा कमी हानिकारक ठरते आणि पाण्याशी तुलना केली तर त्याच्या बाजूने सांगण्यासारखे काहीच उरत नाही. आपण कोणाशी तुलना करतो, यावर उत्तर अवलंबून आहे. हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे आणि येथूनच तो वैद्यकशास्त्राच्या हद्दीतून दीनच्या हद्दीत येतो.

हलाल आणि तय्यब

सूरह अल्‌-बकराच्या १६८ व्या आयतीत समस्त मानवजातीला उद्देशून पृथ्वीवरील जे हलाल आणि तय्यब आहे ते खाण्यास सांगितले आहे. येथे दोन शब्द आले आहेत. हलाल म्हणजे ज्याची परवानगी आहे ते. तय्यब म्हणजे जे शुद्ध, उत्तम आणि हितकारक आहे ते. आपण बहुतेक वेळा पहिल्याच शब्दापाशी थांबतो. वेष्टनावर हलालचे चिन्ह पाहिले की आपली चौकशी संपते.

याच सूरहच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगार यांच्याविषयी सांगताना लोकांना त्यांत काही लाभ असल्याचे मान्य केले आहे, परंतु त्यांतील पाप लाभापेक्षा मोठे असल्याचे स्पष्ट केले आहे. शीतपेय ही दारू नव्हे आणि त्याला तो हुकूम लावता येणार नाही. तथापि लाभ आणि हानी समोरासमोर ठेवून तोलण्याची रीत येथे शिकावयास मिळते. या तराजूत प्रत्येकाचे वजन वेगळे उतरेल. ज्या मधुमेही माणसाला रोजच्या गोड सरबतापासून सुटका करून घ्यावयाची आहे, त्याच्या पारड्यात काही लाभ निश्चित पडतो. ज्या आठ वर्षांच्या मुलाला कोणताही विकार नाही, त्याच्या पारड्यात काय पडते? केवळ एक सवय. एकाच बाटलीचे उत्तर बापाला एक आणि मुलाला दुसरे मिळेल, आणि यात काहीही विसंगती नाही.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शंका उत्पन्न करणारी गोष्ट सोडून शंकारहित गोष्टीकडे वळण्याचा उपदेश आपले नातू हजरत हसन (रजि.) यांना केला होता, असे तिर्मिजीच्या हदीसमध्ये आहे. येथे शंका हलाल-हरामची नसून आरोग्याची आहे. तरीही जेथे पाण्यासारखा शंकारहित पर्याय हाताशी आहे, तेथे शंकेच्या वस्तूची रोज गरज का भासावी, हा प्रश्न मोमीनने स्वतःला विचारावयास हवा.

इच्छेला आवर की इच्छेची समजूत?

आता विषयाच्या मुळाशी येऊ. समजा, उद्या संशोधनाने सिद्ध केले की या पेयांचा शरीराला काडीचाही अपाय नाही. मग प्रश्न संपेल काय? माझ्या मते संपणार नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक रिवायत इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये आली आहे. हजरत जाबिर (रजि.) मांस घेऊन चालले होते. उमर (रजि.) यांनी विचारणा केली, तेव्हा ते म्हणाले की, मांस खाण्याची इच्छा झाली म्हणून एका दिरहमचे घेतले. मांस हलाल होते, पैसे हलाल होते. तरीही उमर (रजि.) यांनी त्यांना शेजाऱ्याची आणि नातलगाची आठवण करून दिली आणि स्वतःचे पोट थोडे आवरण्याकडे लक्ष वेधले. मांसाच्या शुद्धतेबद्दल त्यांना शंका नव्हती. इच्छा झाली आणि लगेच ती पूर्ण केली, या दोहोंमध्ये थांबण्याची एक जागा असली पाहिजे, हे त्यांना सांगावयाचे होते. इमाम गजाली यांनी ‘इह्या’ या ग्रंथाचा एक संपूर्ण भाग पोटाच्या आणि कामवासनेच्या इच्छा आवरण्याच्या विषयाला दिला आहे. तेथेही मुख्य चिंता नफ्सच्या सवयीची आहे.

रोजा आपल्याला हीच जागा दाखवितो. रोजात आपण हराम सोडत नाही, ते तर नेहमीच सोडलेले असते; आपण हलाल पाणी आणि हलाल भाकरी सोडतो. इच्छा जिवंत असते, वस्तू समोर असते आणि तरीही माणूस थांबतो. शून्य साखरेचे पेय याच्या नेमके उलट शिकविते. ते नफ्सला सांगते की, तुला थांबण्याची गरज नाही. किंमत आम्ही काढून टाकली आहे. इच्छेला आवर घातला जात नाही, तिची केवळ समजूत काढली जाते. ज्याची नेहमी समजूत काढली जाते त्या मुलासारखी ती अधिक हट्टी होते. आपण सर्वांनी पाहिले आहे की, बाटली ‘झीरो’ आहे या समाधानात ताटात आणखी दोन समोसे येतात. हिशेबात जी साखर वाचली ती तेलातून आणि मैद्यातून परत येते. मनाला मात्र संयम पाळल्याचे समाधान मिळालेले असते. न केलेल्या संयमाचे हे समाधान मला साखरेपेक्षा अधिक घातक वाटते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, इस्लाम हा सुलभतेचा धर्म आहे. प्रेषितांना (स.) थंड आणि गोड पेय आवडत असे, हे हदीसमध्येच आहे. कुरआनने मधाचा उल्लेख आरोग्यदायी म्हणून केला आहे. मग गोडव्याविषयी एवढी कठोरता कशासाठी? हा आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. गोडवा हा दोष नाही, ती अल्लाहची देणगी आहे. परंतु खजूर आणि मध यांच्या गोडव्याला मर्यादा असते. चार-पाच खजूर खाल्ल्यावर पोटच सांगते की, आता पुरे. जेथे गोडवा अन्नापासून तोडून वेगळा काढला जातो, तेथे हा ‘पुरे’चा आवाज मंदावतो. शिवाय प्रेषितांनी (स.) पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक भाग पाण्यासाठी आणि एक भाग श्वासासाठी ठेवण्यास सांगितले आहे. सुलभता आणि मर्यादा या दोन्ही एकाच जीवनात नांदत होत्या.

सुलभतेचा खरा उपयोग त्या मधुमेही बंधूंसाठी आहे. दारूची मनाईदेखील एका दिवसात आली नाही, ती टप्प्याटप्प्याने आली. जडलेली सवय हळूहळू सुटते, हे ज्याने मनुष्य निर्माण केला तो जाणतो. साखरेच्या सरबतावरून या पेयावर येणे ही एक पायरी असू शकते. मात्र पायरी उतरून जाण्यासाठी असते. तिच्यावर बिऱ्हाड करावयाचे नसते.

शरीराचा हक्क आणि मुलांचा हक्क

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी, शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, या अर्थाचा उपदेश केला. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. इबादतीसाठीदेखील शरीराचा हक्क मारण्याची परवानगी नसेल, तर जिभेच्या चवीसाठी ती कोठून मिळणार? शरीर ही अमानत आहे. सूरह अत्‌-तकासुरच्या अखेरीस सांगितले आहे की, त्या दिवशी देणग्यांविषयी विचारणा होईल. आपले मूत्रपिंड, आपले डोळे, आपले दात या सर्व देणग्याच आहेत.

हीच अमानत मुलांच्या बाबतीत दुप्पट होते. प्रत्येक जण रखवालदार आहे आणि आपल्या ताब्यातील लोकांविषयी त्याला जाब द्यावा लागेल, ही हदीस आपण नेहमी ऐकतो. आई-वडील घरात जे आणतात तीच मुलांची चव बनते. ज्या मुलाच्या जिभेला लहानपणापासून तीव्र गोडव्याची सवय लागते, त्याला पुढे साधे पाणी बेचव लागते. ईद असो, वलीमा असो, पाहुणे असोत. मोठ्या बाटल्या आणल्याशिवाय आदरातिथ्य पूर्ण होत नाही, असा समज आपणच रूढ केला आहे.

आणखी एक गोष्ट वेष्टन वाचण्याची. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांनी (स.), दोष असलेला माल लोकांना दिसेल असा वर ठेवावयास हवा होता, असे विक्रेत्याला बजावले होते. कृत्रिम गोडव्याचा उल्लेख वेष्टनावर करणे आपल्या देशात कायद्याने बंधनकारक आहे, परंतु ‘झीरो’ ठळक अक्षरांत असते आणि हा उल्लेख बारीक अक्षरांत. विक्रेत्याची जबाबदारी विक्रेत्यापाशी. ढिगात हात घालून पाहण्याची जबाबदारी मात्र आपलीही आहे. फेनिलकीटोनुरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना तर ॲस्पार्टेम खरोखरच अपायकारक आहे, आणि ती सूचना त्या बारीक अक्षरांतच असते.

उत्तर

ओसरीवरच्या त्या बंधूंना आज मी असे उत्तर देईन : हे पेय हलाल आहे, त्याला हराम म्हणणाऱ्यांच्या संदेशावर विश्वास ठेवू नका आणि तो पुढे पाठवूही नका. आपल्या मुलीला सांगा की, ‘विष’ या शब्दाला पुरावा लागतो. आणि तिला हेही सांगा की, तिच्या शब्दांमागची माया आपल्याला कळली. मुलाला सांगा की, बाटलीवरचे शून्य साखरेपुरते आहे, हिशेबापुरते नाही. साखर सोडण्यासाठी या पेयाची मदत झाली असेल तर अल्लाहचे आभार माना आणि आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तेही हळूहळू कमी करा. दस्तरखानावर पाण्याची सुरई, ताक, साखर न घातलेले लिंबूपाणी, मिठाचे प्रमाण जपून केलेले कोकमाच्या आगळाचे पाणी यांना जागा द्या. रोजा सोडण्यासाठी प्रेषितांनी (स.) खजूर निवडले आणि ते नसतील तर पाणी, पाण्याच्या त्या घोटात काही उणे आहे असे त्यांना कधी वाटले नाही. खजूर किती घ्यावेत, हे मात्र आपल्या रक्तातील साखर पाहून ठरवा.

आणि पुढच्या वेळी बाटलीकडे हात जाईल तेव्हा क्षणभर थांबा. पिऊ नका असे मी म्हणत नाही, फक्त थांबा. तो क्षण आपल्या ताब्यात आहे की नाही, एवढे पाहा. रमजानचे तीस दिवस आपण त्याच क्षणाचा सराव करीत असतो.

अल्लाह आपल्या शरीराची अमानत सांभाळण्याची, मुलांच्या हक्काची जाण ठेवण्याची आणि नफ्सला आवर घालण्याची शक्ती आपणा सर्वांना प्रदान करो. आमीन.